नाव, बक्कल नंबर आणि तणावाचे कारण

पोलिसांच्या तणावमुक्ती शिबिराची बातमी तुम्ही वाचलेलीच असते. वर्षातून एकदा तरी ती येते आणि फोटोही तोच असतो: दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पुढच्या रांगेत साहेब मंडळी, मागे खाकीच्या रांगा आणि भिंतीवर ‘ताणतणाव व्यवस्थापन कार्यशाळा’ असा फ्लेक्स. ती बातमी पुन्हा सांगत बसत नाही. तालुक्याच्या गावात वार्ताहराला सूत्रसंचालनही करावे लागते (मानधन म्हणून बहुधा तोच नारळ हाती येतो), त्यामुळे देगलूरच्या आसपासच्या अशा पुष्कळ कार्यक्रमांत मी फ्लेक्सच्या मागच्या बाजूला उभा राहिलो आहे. मागून जे दिसते ते छापायचे नसते, असा आमच्यात आणि पोलिसांत एक अलिखित करार आहे. आज तो थोडा मोडतो आहे.

थोडाच. पुढच्या किश्शांतली ठाणी, हुद्दे, साल आणि जिल्हे मी आपापसांत बदलून टाकले आहेत. तरीही एखादा जमादार तुम्हाला ओळखीचा वाटला, तर तो नक्कीच दुसरा आहे. प्रत्येक ठाण्यात तसा एक असतोच.

सुरुवात शिबिरापासूनच करू. व्याख्याते पुण्याहून आले होते. आवाज मऊ, हातात लॅपटॉप, गळ्यात उपरणे. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि पाच मिनिटे फक्त श्वासाकडे लक्ष द्या म्हणाले. हॉल चिडीचूप. पाच मिनिटांनी त्यांनी हळुवार आवाजात डोळे उघडायला सांगितले. कुणीही उघडले नाहीत. मागच्या रांगांत रात्रगस्तीवरून थेट आणून बसवलेली मंडळी होती. ती श्वासाच्या वाटेने केव्हाच पुढे निघून गेली होती. व्याख्याते भारावले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “इतकी एकाग्रता मला पुण्यात मिळत नाही हो.” मला ते वाक्य माइकवरून सांगावे लागले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, त्या आवाजाने निम्मे जागे झाले. कार्यक्रम लांबला आणि त्यातले दोघे संध्याकाळच्या नाकाबंदीला उशिरा पोचले. दोघांनाही कसुरीची नोटीस मिळाली. खुलाशात त्यांनी लिहिले, ‘तणावमुक्ती कार्यशाळेस हजर असल्याने विलंब झाला.’ खुलासा असमाधानकारक ठरला.

एका मुख्यालयात मात्र एका अधिकाऱ्याने मनापासून समुपदेशन कक्ष उघडला होता. हेतू चांगला, माणूस चांगला, समुपदेशक मॅडम तर फारच चांगल्या. जागा मिळाली ती शस्त्रागार आणि कँटीन यांच्या मधोमध. म्हणजे दिवसभरात मुख्यालयातला प्रत्येक माणूस ज्या दारावरून दोनदा जातो तिथे. पेंटरने दारावर हातभर अक्षरांत रंगवले: ‘समुपदेशन कक्ष – गोपनीय’. आता कक्ष चालू आहे हे वर दाखवायचे तर रजिस्टर हवे. मग दाराशी रजिस्टर आले. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, बक्कल नंबर, नेमणूक, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, तणावाचे कारण. रजिस्टरवर लक्ष ठेवायला एक शिपाई. मॅडमनी कित्येक महिने त्या खोलीत वर्तमानपत्रे वाचली. शेवटी रजिस्टरात एकच नोंद झाली, तीही वरून तपासणीला आलेल्या पथकाची. पथकाबरोबरच्या रायटरने सवयीने सगळे रकाने भरले. ‘तणावाचे कारण’ या रकान्यात त्याने लिहिले होते, ‘वार्षिक तपासणी’. त्या रजिस्टरातली ती एकमेव आणि शंभर टक्के खरी नोंद.

खात्यात गुपित कसे राहते, हे समजायचे असेल तर आमच्याकडच्या गोपनीयच्या जमादारांना भेटायला हवे. गोपनीय शाखेचा माणूस साध्या वेशात, कुणाला ओळखू न येता फिरला पाहिजे, असा नियम आहे. हे जमादार साध्या वेशातच असत. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात त्यांची खुर्ची ठरलेली होती. गावात कुणाचा मोर्चा निघणार, कोण उपोषणाला बसणार, हे लोक त्यांना तिथे येऊन सांगून जात. एकदा एका पुढाऱ्यानेच त्यांना फोन केला, “जमादार, उद्या आमचा मोर्चा कितीला हाय म्हणलाव तुम्ही वर? तेवढं सांगा, पोरान्ला निरोप द्यायचाय.”

अशा खात्यात एका शिपायाने समुपदेशनासाठी एक दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज केला. खरे कारण लिहिले, हीच त्याची चूक. अर्ज बारनिशीत गेला, आवक नंबर पडला आणि दुपारच्या चहापर्यंत अख्ख्या ठाण्याला कळले. मग तो ‘योग्य मार्गाने’ वर गेला. वरून शेरा आला: ‘तणावाचे स्वरूप स्पष्ट नमूद करावे.’ त्याने नमूद केले. अखेर रजा मंजूर झाली. आदेशाच्या खाली ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून ठाणे प्रभारी, उपविभागीय कार्यालय, लेखा शाखा, राखीव पोलीस निरीक्षक आणि सर्वांत शेवटी सूचना फलक. रजेचा तो दिवस त्याने घरी बसून, आपल्याला वेड लागलेले नाही हे चुलत्या-मेहुण्यांना फोनवरून पटवण्यात घालवला.

हसून झाले असेल तर मधली एक गोष्ट सरळ सांगतो. पोलीस मनाच्या दुखण्याविषयी बोलत नाही, याचे कारण त्याला लाज वाटते एवढेच नाही. त्याचा हिशेब पक्का असतो. बोललो तर आधी हत्यार जमा होईल. हत्यार गेले की ठाणे जाईल, साइड ब्रँच येईल. मग पदोन्नतीच्या वेळी कुणीतरी फाइल उघडून म्हणेल, हाच ना तो? नोकरीतल्या गाऱ्हाण्यांसाठी बाकीच्या सरकारी कर्मचाऱ्यांना संघटना असतात. पोलिसांच्या संघटनेवर १९६६ च्या केंद्रीय कायद्याची बंधने आहेत, आणि महाराष्ट्रात तर ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी बंड केले, लष्कर बोलवावे लागले आणि त्यांच्या संघटनेची मान्यताच गेली. वार्षिक गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला देव दत्त खटल्यात २००८ साली सांगावे लागले. त्याआधीही अहवालात काय आहे हे कार्यालयात सगळ्यांना माहीत असायचे, ज्याचा अहवाल तो सोडून. अशा घरात वाढलेल्या माणसाला ‘मोकळेपणाने बोला’ असे फ्लेक्स लावून सांगणे म्हणजे जरा विनोदच.

तरी माणसे मदत शोधतात. लपूनछपून शोधतात, आणि तिथेच सगळे किस्से घडतात.

एक हवालदार. बरेच दिवस झोप नाही, छातीत धडधड. मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत जायचे त्याने ठरवले. साधे कपडे, तोंडाला रुमाल. पण प्रत्येक मोठ्या सरकारी दवाखान्यात पोलीस चौकी असते, हे तो पोलीस असून विसरला. चौकीवर नेमका ट्रेनिंगच्या बॅचचा दोस्त.

“काय बे, इकडं कुठं?”

“आरोपी घेऊन आलतो. मेडिकलला.”

“मग आरोपी कुठाय?”

हवालदाराने मागे वळून पाहिले. बॅचमेटनेही पाहिले. मागे कुणी नव्हते. बॅचमेटचा चेहरा पांढराफटक. आरोपी पळाला म्हणजे दोघांची नोकरी पणाला. त्याने फोन काढला, कंट्रोलला कळवायला बोट टेकवले तेव्हा हवालदाराने त्याचा हात धरला. “थांब की. आरोपी मीच हाव असं समज.” बॅचमेट बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग खिशातून दहाची नोट काढून म्हणाला, “मग एक काम कर. आत जायलासच, तर माझ्याबी नावाची चिठ्ठी काढ.”

दवाखान्यात ओळखीचे भेटतात हा बोध झाल्यावर या हवालदाराने पुढचा बेत शहाणपणाने आखला. देगलूरचे एक सुख आहे. आम्ही महाराष्ट्राच्या टोकाला आहोत. पाऊल इकडे टाकले की तेलंगण, तिकडे टाकले की कर्नाटक. नांदेड ऐंशीएक किलोमीटर, तेव्हा दवाखान्यासाठी बिदर, निझामाबाद, हैदराबाद गाठणे आमच्या लोकांना नवीन नाही. हवालदाराने बिदर गाठले. परराज्य, परभाषा, खासगी डॉक्टर, नाव लिहायला ताई आणि तिला मराठी येत नाही. स्वर्गच. तो बाकावर टेकला आणि शेजारच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केले. शेजारी त्याच्याच ठाण्याचे फौजदार बसले होते. दोघांनी एकमेकांना पाहिले, न पाहिल्यासारखे केले आणि दोघेही कानडी वर्तमानपत्र वाचू लागले. कानडी दोघांनाही येत नव्हते. पुढे ठाण्यात या विषयावर एक शब्द निघाला नाही. मात्र त्या हवालदाराचा रजेचा अर्ज पुन्हा कधी परत आला नाही.

खात्यानेच खात्यावर केलेला एक उपचार मात्र खरोखर लागू पडला, आणि त्याची पडद्यामागची बाजू फार लोकांना ठाऊक नाही. मुंबई पोलिसांची आठ तासांची ड्यूटी सगळ्यांनी ऐकलेली आहे. श्रेय तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांना जाते आणि ते योग्यच आहे. पण वेळापत्रक आखले होते देवनार पोलीस ठाण्यातल्या रवींद्र पाटील या अंमलदाराने. उपलब्ध माणसांत तीन पाळ्या कशा बसतात, याचे गणित त्याने मांडले आणि ते आयुक्तांपर्यंत नेले. आयुक्तांनी कागद बाजूला न ठेवता वाचला, हा या गोष्टीतला खरा चमत्कार. मे २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला आणि १ जानेवारी २०१७ पासून तो मुंबईतल्या सर्व ठाण्यांना लागू झाला. देशातल्या पोलिसांवर कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांनी २०१९ मध्ये अहवाल काढला, त्यात पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतो आणि साधारण निम्म्यांना साप्ताहिक सुट्टीच मिळत नाही, असे निघाले. मुंबईत मात्र तज्ज्ञांच्या चमूने जे करायचे ते एका अंमलदाराने कागद-पेन्सिलीवर केले. आमच्याकडच्या एका ठाण्यात त्या वेळापत्रकाची झेरॉक्स आली होती. तीन पाळ्यांसाठी माणसे मोजली, तर दोन पाळ्यांतच संपली. झेरॉक्स पुढे मुद्देमालाच्या कपाटाच्या दाराला अडसर म्हणून वापरली गेली.

याच चौदा तासांमुळे बाहेरून आलेल्या मदतीचीही कधी कधी फजिती होते. शहरातून एक समुपदेशक आला. तरुण, उत्साही. त्याने एका शिपायाला विचारले, “ड्यूटी संपल्यावर तुम्ही कोणता छंद जोपासता?” शिपायाने खूप विचार केला. मग अगदी प्रामाणिकपणे विचारले, “ड्यूटी संपल्यावर म्हंजे, रिटायर झाल्यावर का?”

आता जरा सीमेवर येऊ. मराठवाड्यात पोलिसांच्या नावावर जमा असलेला सर्वांत मोठा पराक्रम सप्टेंबर १९४८ च्या ‘पोलीस ॲक्शन’चा, आणि तोही केला लष्कराने. त्यानंतर देगलूर राज्याच्या बातम्यांत फारसे झळकले नाही. अलीकडे मात्र दोनदा झळकले. एकदा २०२१ च्या पोटनिवडणुकीत: ३० ऑक्टोबरला मतदान, २ नोव्हेंबरला मोजणी. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. कोण जिंकले ते सगळ्या बातम्यांत आले. मोजणी केंद्राबाहेर उभ्या असलेल्यांच्या घरी दिवे कुणी लावले, ते बातमीत नव्हते. दुसऱ्यांदा ७ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री, जेव्हा भारत जोडो यात्रा तेलंगणातल्या मदनूरकडून देगलूरमार्गे महाराष्ट्रात शिरली. मशाली, शिवरायांच्या पुतळ्यापाशी गर्दी आणि मग रात्रीच वन्नाळीच्या गुरुद्वाऱ्याकडे कूच. कॅमेरे सगळे मशालींवर होते.

त्या रात्री बंदोबस्ताला बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला एक शिपाई रस्त्याच्या कडेच्या एका पॉइंटवर उभा होता. गर्दी पुढे निघून गेली, पॉइंट उठवायचा आदेश काही आला नाही. थोड्या अंतरावर तेलंगणाचा एक शिपाई असाच विसरला गेला होता. दोघांनी एका बिस्किटाच्या पुड्यावर ओळख केली. भाषा दखनी, म्हणजे दोघांचीही मोडकी. एकाने सुरुवात केली: वडिलांचे आजारपण, पतसंस्थेचे कर्ज, साहेबांची शिवी जी डोक्यातून जात नाही, आणि रात्री येणारे ते विचार ज्यांच्याविषयी त्याने बायकोलाही सांगितले नव्हते. समोरचा ऐकत राहिला. नाव विचारले नाही, ठाणे विचारले नाही. पहाटे गाडी आली. हा किस्सा मला त्या शिपायानेच नंतर सांगितला, आणि शेवटी म्हणाला, “एवढं मोकळं मी कधीच कुणाजवळ बोललो नव्हतो.” मी विचारले, मग त्याने काय सल्ला दिला? “कशाचा सल्ला! माझं संपल्यावर त्यानं सुरू केलं. त्याचं माझ्यापेक्षा डबल होतं.”

खात्याबाहेरची, गुप्तता पाळणारी मदत म्हणजे काय, याची यापेक्षा चांगली व्याख्या मी कुठल्या परिपत्रकात वाचलेली नाही.

हेच शहाणपण न्यूयॉर्कच्या पोलिसांना जरा रीतसर सुचले. नव्वदच्या दशकाच्या मध्यात तिथल्या दलात आत्महत्या वाढल्या. खात्याची स्वतःची मानसोपचार शाखा होती, पण तिच्याकडे गेले की पिस्तूल जाते ही धास्ती. आमच्या हवालदाराची आणि तिकडच्या हवालदाराची धास्ती तंतोतंत एक. मग १९९६ मध्ये ‘पोप्पा’ नावाची संस्था खात्याबाहेर उभी राहिली. फोन घेणारे पोलीसच, पण प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक; आणि बोलणे खात्याकडे जात नाही. म्हणजे ऐकणारा भाषा जाणणारा आणि कागद न करणारा. जगातल्या सर्वांत श्रीमंत पोलीस दलांपैकी एकाला जे संस्था काढून करावे लागले, ते आमच्या सीमेवर बिस्किटाच्या पुड्यात झाले. फरक इतकाच की त्या रात्रीची वेळ ठरवून घेता येत नाही.

आमच्या भागात सरकारने घरोघरी जाऊन मन विचारायची एक सोय केलेली आहे, पण ती शेतकऱ्यांसाठी. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. आशाताई दारात येतात, झोप लागते का, भूक लागते का, जगावेसे वाटते का, असे विचारतात आणि गरज दिसली तर पुढे पाठवतात. आमच्याकडचे निम्मे पोलीस शेतकऱ्यांची पोरे. असाच एक जण रजेवर गावी गेला होता. आशाताई त्याच्या वडिलांकडे आल्या. म्हातारा रानात. मग त्यांनी ओट्यावर बसलेल्या पोरालाच प्रश्न विचारले. हा आपला गंमत म्हणून उत्तरे देत गेला आणि मधेच कुठेतरी त्याची गंमत संपली. आशाताईंनी गुणांची बेरीज केली, चष्मा वर केला आणि विचारले, “तुम्ही करताव काय?” तो म्हणाला, “शेतीच की. सातबाऱ्यावर नाव हाय माझं.” पुढचे उपचार त्याने शेतकरी म्हणून घेतले आणि बरा झाला. बक्कल नंबरने जे मिळाले नसते, ते सातबाऱ्याने मिळवून दिले.

तणावमुक्तीच्या क्षेत्रात स्पर्धा नाही असे समजू नका. एका जिल्हा मेळाव्यात एका तासाच्या वेळेसाठी योगशिक्षक, प्रेरक वक्ते आणि समुपदेशक मॅडम अशी तिरंगी लढत झाली. योगशिक्षकांचे म्हणणे, बोलून काय होते, श्वास महत्त्वाचा. वक्त्यांचे म्हणणे, श्वास सगळेच घेतात, विचार महत्त्वाचे. मॅडमचे म्हणणे कुणी विचारलेच नाही. शेवटी तो तास मिळाला एका बँकेला, पगारखात्यावरच्या कर्जाच्या योजनेसाठी. बँकेच्या टेबलापुढे दारापर्यंत रांग लागली. मॅडम हुशार. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि त्या रांगेच्या मधोमध टाकली. रांगेतल्या माणसाला दोनच प्रश्न: कर्ज कशासाठी, आणि आधीचे किती? पुढच्या दोन तासांत मॅडमनी जेवढी माणसे ऐकली, तेवढी त्या हातभर अक्षरांच्या खोलीत नोकरीभर ऐकली नव्हती. कुणी हजेरी लावली नाही, कारण सगळ्यांनी आपण बँकेच्या रांगेत उभे आहोत असेच समजायचे ठरवले होते. योगशिक्षकही त्या रांगेत होते. त्यांना घरासाठी कर्ज हवे होते.

याच मॅडमनी नंतर खात्याचे काम सोडले आणि एका छोट्या गावात, बाजाराच्या मागे, एका दातांच्या दवाखान्याच्या वर स्वतःची खोली घेतली. पाटी नाही. कुणी जिना चढताना दिसले तर दाढ दुखते. (त्या भागातल्या पोलिसांचे दात फारच खराब आहेत, असे दातांच्या डॉक्टरांचे मत ऐकले आहे.) फोनवरही बोलतात. एकदा पोलीस लाइनमधून एका बाईंचा फोन आला, गच्चीवरून, वारा जोरात. “मॅडम, हा फोन मी केलाच नाही असं समजा. आमचे ह्ये रात्र रात्र उठून बसतात. बोलंना गेलेत. त्यांना कळलं की मी फोन केला तर घर डोक्यावर घेतील.” मॅडमनी ऐकून घेतले, काय करायचे, काय नाही करायचे ते सांगितले. आठवडा गेला. एका पुरुषाचा फोन. आवाज खालचा, मागे वारा. झोप नाही, चिडचिड, सगळे तेच. मॅडमना गच्चीसुद्धा ओळखू आली. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, एक विनंती हाय. माझ्या बायकोला कळू देऊ नका. तिला टेन्शन येईल.”

मॅडमनी दोघांचेही गुपित दोघांपासून पाळले. किती काळ, ते त्यांनी मला सांगितले नाही. मी खोदून विचारले तेव्हा त्यांनी माझीच दाढ दुखते का, असे विचारले.

कायदा याबाबतीत पोलिसाच्या बाजूने आहे, आणि हे बहुतेक पोलिसांना माहीत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. अंमल २९ मे २०१८ पासून. त्यातले कलम ११५ आमच्या ठाण्यांना पाठ आहे, कारण आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता तेव्हा तो दाखल करताना ते आडवे येऊ लागले. एका रायटरने मला त्याची छापील प्रत अभिमानाने दाखवली होती. ११५ खाली लाल रेघ. मी पाने मागे उलटली. कलम २३, म्हणजे उपचार घेणाऱ्याच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क, अगदी कोरे. “हे वाचलं नाही का?” म्हणालो. “ते पेशंटसाठी हाय,” रायटर म्हणाला. तेव्हा तो झोपेच्या गोळ्या घेत होता, हे मला ठाऊक होते. त्याला ठाऊक नव्हते की मला ठाऊक आहे.

माझे मत विचाराल तर शिबिरे बंद करू नयेत. पाच मिनिटांची झोप तरी मिळते. पण जिल्ह्याच्या साहेबांनी एकदा धाडस करून बाहेरच्या संस्थेशी करार करून पाहावा. खोली मुख्यालयात नको, बाजारात असू द्या. बिलावर फक्त संख्या यावी, नावे नकोत. किती जण आले एवढे विचारा. कोण आले ते विचारायचे नाही, आणि विचारलेच तर संस्थेने सांगायचे नाही, हे करारातच लिहून टाका. फोन बायकोने केला तरी चालेल, असेही लिहा. ऐकणाऱ्यांत निवृत्त पोलीस घ्या, म्हणजे छंदाचे प्रश्न टळतील. आणि उद्घाटनाला फीत कापू नका. सूत्रसंचालनाला मला तर मुळीच बोलावू नका.

तोवर, हे वाचणारे कुणी खाकीतले असेल किंवा खाकीच्या घरातले, त्यांच्यासाठी: १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू झाला. तो आरोग्य खात्याचा आहे, गृह खात्याचा नाही.